मंदीचे वर्ष आणि पिढीचा हिशेब

१९७२ साली दोन्ही जर्मनी मिळून जेवढी मुले जन्मली, त्याहून जास्त माणसे मेली. त्यानंतर आजवर एकही वर्ष असे गेलेले नाही की तिथे जन्मांचा आकडा मृत्यूंच्या वर गेला. मधल्या काळात भिंत पडली, दोन देशांचा एक झाला, मार्क जाऊन युरो आला, पण हा हिशेब उलटला नाही. २०२३ मध्ये जर्मनीत ६ लाख ९३ हजार बाळे जन्मली आणि १० लाख २८ हजार माणसे गेली.

ही उतरण सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, पश्चिम जर्मनीच्या सरकारने परदेशी कामगारांची भरती बंद केली. अरब देशांनी तेल रोखून धरले होते, मंदी दारात उभी होती, आणि पुढच्या वर्षी किती लोक बेकार होणार हे श्रममंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना स्पष्ट दिसत होते. पुढच्या पिढीत किती माणसे कमी पडणार, हे सांगणारे तक्तेही सरकारकडेच होते. पण त्या तक्त्यांवर निवडणूक लढवता येत नाही.

स्थलांतराचे धोरण अर्थकारणावर आणि लोकसंख्येवर ठरते, असे आपण सहज म्हणतो, आणि म्हणताना ही दोन कारणे एकाच दिशेला ओढतात असे गृहीत धरतो. मला ते मान्य नाही. कारखान्याला माणूस हवा असतो तो हातातली ऑर्डर पुरी होईपर्यंत. समाजाला माणूस हवा असतो तो चाळीस वर्षांसाठी. त्याने संसार थाटावा, मुले शाळेत घालावीत, विम्याचे हप्ते भरावेत, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा भार उचलावा, म्हणून. पहिली गरज लगेच जाणवते आणि तिच्यामागे उद्योजकांच्या संघटना असतात. दुसरी गरज मुकी असते. सरकार पहिलीचे ऐकून माणसे बोलावते आणि दुसरीला पोषक अशी ती तिथे रुजू लागली की आपली फसवणूक झाल्यासारखे वागू लागते. जर्मनीने गेल्या सत्तर वर्षांत हे इतक्या वेळा केले आहे की त्या देशाचे उदाहरण सोडून या विषयावर बोलणेच अवघड. आता आपल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना तिकडे पाठवायचे ठरले आहे, म्हणून तर ते आणखी बारकाईने पाहायला हवे.

सुरुवात २० डिसेंबर १९५५ ची. त्या दिवशी पश्चिम जर्मनीने इटलीशी कामगार भरतीचा पहिला करार केला. मग १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीस, १९६१ मध्ये तुर्कस्तान, १९६४ मध्ये पोर्तुगाल, १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया. यातला तुर्कस्तानचा करार ३० ऑक्टोबर १९६१ चा, आणि ती तारीख योगायोगाची नाही. त्याआधी अडीच महिने बर्लिनची भिंत उभी राहिली होती. तोवर पूर्व जर्मनीतून पळून येणारी लाखो माणसे पश्चिमेच्या कारखान्यांना आयतीच मिळत होती. भाषा तीच, शिक्षण तेच. भिंतीने तो ओघ एका रात्रीत तोडला, आणि युद्धकाळात जन्मलेली तुटपुंजी पिढी नुकती कुठे कामावर येत होती.

इस्तंबूलच्या भरती कार्यालयात जर्मन डॉक्टर उमेदवारांना अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे करून त्यांचे दात, डोळे, छाती आणि लघवी तपासत. जे पास होत त्यांना खास आगगाड्यांनी म्युनिकला आणले जाई. तिथे ११ नंबरच्या फलाटाखाली युद्धातले हवाईहल्ल्यापासून बचावाचे जुने तळघर होते. त्या तळघरात नावे पुकारली जात आणि कोण कुठल्या शहरात, कुठल्या कारखान्यात जाणार ते ठरे. तुर्की कामगारांच्या करारात दोन अटी होत्या: मुक्काम जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि बायकामुले आणता येणार नाहीत. दोन वर्षांनी जुनी तुकडी परत जाईल, नवी येईल, समाजात कुणी मुरणार नाही, अशी ती योजना होती.

ही योजना मोडली ती जर्मन कारखानदारांनीच. दोन वर्षे शिकवून तयार केलेला, यंत्राचा हात बसलेला माणूस परत पाठवायचा आणि नवशिक्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे, हा धंद्याला न परवडणारा उद्योग होता. मालकांच्या संघटनेने रेटा लावला आणि १९६४ मध्ये ती दोन वर्षांची अट गळली. मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो. परक्यांना राहू द्या, असे म्हणणारे तिथे कुणी मानवतावादी नव्हते. अर्थकारणानेच स्वतःच्या सोयीसाठी त्या माणसाला मुक्काम लांबवायला लावला, आणि त्याने मुक्काम लांबवला याचा दोष पुढे त्यालाच देण्यात आला.

त्याच १९६४ मध्ये, १० सप्टेंबरला, कोलोनच्या डॉइट्झ स्थानकावर दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला. आर्मांडो रॉड्रिगेस द सा, पोर्तुगालच्या एका खेड्यातला ३८ वर्षांचा सुतार. यादीवर बोट ठेवून त्याचे नाव निवडले होते. ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले गेले तेव्हा तो घाबरला. आपल्याला परत पाठवताहेत असेच त्याला वाटले. बँड वाजला, फुले दिली, एक मोपेड भेट मिळाली. डोक्यावर हॅट घालून मोपेडवर बसलेल्या त्याचा फोटो आज जर्मन पाठ्यपुस्तकांत असतो आणि ती मोपेड बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. काही वर्षांनी तो गावी परतला, पोटाच्या कर्करोगाने आजारी पडला आणि साठवलेला पैसा उपचारांत घालवून १९७९ मध्ये वारला. जर्मनीत भरलेल्या हप्त्यांवर आजारपणाच्या मदतीचा आपला हक्क होता, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

आणि त्याच १९६४ मध्ये दोन्ही जर्मनींत मिळून १३ लाख ५७ हजार मुले जन्मली. तो युद्धानंतरचा उच्चांक. देश पाळण्यांनी भरलेला असताना लोकसंख्येची चिंता कोण करणार? ही मुले २०३१ मध्ये ६७ वर्षांची होतील आणि त्यांच्यासाठी कायद्याने ठरवलेले निवृत्तीचे वय तेच आहे. आज जर्मनीत परिचारिका, बसचालक, वीजतंत्री यांसाठी जी शोधाशोध चालू आहे तिचे मूळ त्या भरलेल्या पाळण्यांत आणि नंतरच्या रिकाम्या पाळण्यांत आहे. १९६४ ते १९७५ या अकरा वर्षांत जन्मांचा आकडा पावणेआठ लाखांच्या आसपास घसरला होता.

भरती बंद झाल्यावर काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९५५ ते १९७३ या काळात साधारण १ कोटी ४० लाख कामगार आले आणि १ कोटी १० लाख परत गेले. म्हणजे ये-जा चालू होती. दार बंद होताच ती ये-जा थांबली. गावी गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर माणसे गेलीच नाहीत. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. त्यात १९७५ मध्ये सरकारने काटकसर म्हणून, मायदेशात राहणाऱ्या मुलांसाठीचा बालभत्ता कमी केला. जर्मनीत राहणाऱ्या मुलाला पूर्ण भत्ता, अनातोलियात आजीजवळ राहणाऱ्याला कमी. आईबापांनी जे करायचे तेच केले. १९७३ मध्ये सुमारे ४० लाख परदेशी रहिवासी होते, १९८० मध्ये ते ४५ लाखांच्या घरात गेले, आणि या काळात परदेशी कामगारांची संख्या मात्र लाखांनी घटली होती. मंदीसाठी उचललेल्या पावलाने कामगारांची वस्ती कुटुंबांची वस्ती झाली.

लोकसंख्येच्या दृष्टीने ही तर इष्टापत्ती होती. पण त्या नजरेने पाहायला कुणी तयार नव्हते. हेल्मुट कोल यांच्या सरकारने १९८३ मध्ये कायदा करून, परत जाणाऱ्या बेकार कामगाराला १० हजार ५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १ हजार ५०० मार्क देऊ केले. अकरा वर्षे सतत मृत्यू जन्मांहून जास्त होत असलेला देश, आपल्याच इस्पितळांत जन्मलेली मुले पैसे देऊन बाहेर पाठवत होता. जी मुले राहिली त्यांच्या शिक्षणाचीही तीच गत. बायर्नसारख्या राज्यात तुर्की मुलांसाठी मातृभाषेतले वेगळे वर्ग काढले, कारण ती एक दिवस परत जाणार आहेत असे गृहीत धरले होते. मातृभाषेत शिकवण्याला माझा विरोध नाही, उलट आहे तो पाठिंबाच. पण तिथे हेतू मुलाला घडवण्याचा नव्हता, त्याला निघायला तयार ठेवण्याचा होता. त्यातली बहुसंख्य मुले कुठेही गेली नाहीत. जर्मन नीट न येणारी, कारागिरीचे शिक्षण न मिळालेली एक पिढी उभी राहिली आणि मग ‘हे लोक मिसळत नाहीत’ असे म्हणायला सगळे मोकळे झाले.

भांडवलशाहीचाच हा दोष, असे कुणी म्हणेल तर त्याने भिंतीपलीकडे पाहावे. पूर्व जर्मनीने मोझांबिक आणि व्हिएतनाममधून कंत्राटी कामगार आणले. १९८९ मध्ये एकट्या व्हिएतनामचे सुमारे ६० हजार होते. मोझांबिकच्या कामगारांच्या पगाराचा मोठा हिस्सा ‘परतल्यावर मिळेल’ म्हणून कापला गेला, तो बहुतेकांना कधी मिळालाच नाही, आणि मापुटोच्या रस्त्यांवर ती माणसे अनेक दशके त्यासाठी निदर्शने करत राहिली. व्हिएतनामी बाई गरोदर राहिली तर गर्भपात कर नाहीतर परत जा, असा नियम होता. हेच सरकार त्याच काळात जर्मन स्त्रियांनी जास्त मुले जन्माला घालावीत म्हणून बाळंतपणाची वर्षभराची रजा आणि कर्जात सवलती देत होते. हे वाचताना बीडच्या ऊसतोड बायका डोळ्यांसमोर येतात. कोयत्याची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर मुकादमाला दंड द्यावा लागणारी बाई पाळीच्या त्रासातून सुटण्यासाठी गर्भाशयच काढून टाकते, आणि २०१९ मध्ये ते उघड होईपर्यंत कुणाला त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. शरीर कामापुरते हवे, त्यातले आयुष्य नको, हा हिशेब कुठल्या एका राज्यव्यवस्थेची मक्तेदारी नाही.

आपला जर्मनीशी संबंधही वाटतो त्याहून जुना आहे. साठच्या दशकात केरळमधल्या तरुण मुली चर्चच्या मार्फत पश्चिम जर्मनीच्या इस्पितळांत परिचारिका म्हणून गेल्या. त्यांचे नवरे मागाहून गेले, पण त्यांना तिथे कित्येक वर्षे कामाची परवानगी मिळत नसे. शिकलेली माणसे घर सांभाळत बसली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बेकारी वाढल्यावर काही राज्यांनी या परिचारिकांचे परवाने वाढवायचे नाकारले आणि अनेकींना परतावे लागले. कोरियन परिचारिकांवर तीच वेळ आली तेव्हा त्यांनी रस्त्यावर सह्या गोळा केल्या आणि राहण्याचा हक्क पदरात पाडून घेतला.

मग २००० साल. चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी माहिती तंत्रज्ञानातल्या २० हजार परदेशी तज्ज्ञांना बोलावण्याची घोषणा केली. मुदत पाच वर्षे. जुन्या दोन वर्षांच्या अटीचीच ही नवी आवृत्ती. त्यावर नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या निवडणुकीत युर्गेन र्‍युटगर्स यांच्या प्रचारातून ‘भारतीयांऐवजी मुले’ अशी घोषणा गाजली. ते निवडणूक हरले, पण घोषणा लक्षात राहिली. वंशद्वेष बाजूला ठेवून निव्वळ गणित पाहिले तरी तीत अर्थ नव्हता: २००० मध्ये अभियंते कमी पडत होते, तर ती मुले १९७५ मध्ये जन्मायला हवी होती.

त्यानंतर मात्र कायद्यांची भाषा हळूहळू बदलली. २००५ चा स्थलांतर कायदा, २०२० चा कुशल कामगार कायदा, २०२३ मधली त्याची दुरुस्ती, आणि १ जून २०२४ पासून नोकरी शोधायला येऊ देणारे ‘संधी कार्ड’. ज्यांची पात्रता जर्मनीत पूर्ण मान्य झालेली नाही त्यांना या कार्डासाठी किमान सहा गुण लागतात आणि वयालाही गुण आहेत: पस्तिशीपर्यंत दोन, पस्तीस ते चाळीस एक, पुढे काही नाही. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा नोकरीला येणाऱ्याला ठराविक पगार तरी दाखवावा लागतो, नाहीतर म्हातारपणाची तरतूद. हे निकष अंगमेहनतीची ताकद मोजत नाहीत. हा माणूस पेन्शनच्या तिजोरीत किती वर्षे भर घालेल आणि तिच्यातून किती काढेल, ते मोजतात. १९७३ मध्ये ज्या हिशेबाकडे कुणी पाहिले नाही, तो आता नियमावलीत आला आहे.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. स्थलांतरितही म्हातारे होतात, त्यांच्या मुलींनाही कमी मुले होतात. मग बाहेरची माणसे आणून वृद्धत्व थांबते कुठे? थांबत नाही, हे खरेच आहे. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाने हिशेब मांडला होता. जर्मनीची एकूण लोकसंख्या टिकवायला वर्षाला तीन लाखांहून अधिक माणसे लागतील. पण म्हाताऱ्यांमागे कमावत्यांचे प्रमाण जसेच्या तसे ठेवायचे तर वर्षाला तीस लाखांहून अधिक. हे दुसरे अशक्यच आहे. म्हणून निवृत्तीचे वय वाढवणे, स्त्रियांना पूर्णवेळ काम करता येईल अशी पाळणाघरे उभारणे, हे सारे करावेच लागते. पण घसरण थांबवता येत नाही म्हणून ती सावरूही नये, असे होत नाही. इस्पितळातली रात्रपाळी कुणीतरी करायचीच आहे.

राजकारण मात्र या गरजेच्या उलट दिशेला चालले आहे, आणि तेही जिथे गरज सर्वांत मोठी तिथे. एकीकरणानंतर पूर्वेकडच्या राज्यांतून तरुण पश्चिमेला गेले, तरुणी तर जास्तच. तिथला जननदर १९९४ च्या सुमारास ०.८ च्याही खाली गेला होता. मागे राहिले ते म्हातारे आणि बंद पडलेल्या शाळा. थुरिंगियात परदेशी लोकांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच कमी, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिथेच स्थलांतरविरोधी एएफडी पक्ष ३२.८ टक्के मते घेऊन पहिला आला. ज्या गावातून स्वतःची मुले निघून गेली आहेत त्या गावाला नवे चेहरे म्हणजे आपली जागा घेणारे वाटतात. ही भीती समजून घ्यावी, पण तिच्या हाती धोरण देऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये सिरियात असाद यांची सत्ता कोसळली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे नेते येन्स श्पान यांनी परतणाऱ्या सिरियनांना विमान आणि एक हजार युरो देण्याची कल्पना मांडली. जर्मन इस्पितळांत तेव्हा पाच हजारांहून अधिक सिरियन डॉक्टर होते, आणि त्यांना जाऊ देऊ नका असे सांगायला इस्पितळांच्या संघटनेला पुढे यावे लागले. १९८३ चाच विचार, चलन तेवढे नवे.

अशा वेळी आपण तिकडे निघालो आहोत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी दिल्लीत, कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार जण, त्यांत परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री असे अनेक व्यवसाय. आपल्याकडे तरुण भरपूर आहेत, काम नाही. त्यांच्याकडे काम आहे, तरुण नाहीत, असे हे समीकरण मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला, म्हणजे पिढी भरून काढायला लागणाऱ्या २.१ हून बराच खाली. राज्यात दर दहा माणसांत एकाहून अधिक जण साठीच्या पुढे आहेत. कोकणातल्या कुठल्याही वाडीत पावसाळ्यात जाऊन पाहा, उघड्या दारांत म्हातारी माणसेच दिसतील. आज बी.एस्सी. नर्सिंग करून जर्मनच्या बी-२ परीक्षेला बसणारी मुलगी इथल्या जिल्हा रुग्णालयालाही हवी आहे. तिने जाऊ नये असे मी म्हणणार नाही. पुण्यामुंबईत तिला ज्या पगारावर राबवले जाते तो पाहता तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण सरकारने तरी तिला शिलकी माल समजून पाठवू नये.

केरळने हे आधी ओळखले. परदेशी गेलेल्या केरळीयांसाठी तिथे १९९६ पासून स्वतंत्र खाते आहे, आणि २०२१ मध्ये त्या खात्याच्या संस्थेने जर्मनीशी जो करार केला त्यात परिचारिकेकडून भरतीचा पैसा घ्यायचा नाही, भाषेचा आणि प्रवासाचा खर्च नोकरी देणाऱ्याने उचलायचा, असे ठरले. दलालाला लाखो रुपये देऊन, जमीन गहाण टाकून गेलेला माणूस कुठल्याही अटी मुकाट मान्य करतो, हे त्यांना आखाती देशांच्या अनुभवाने शिकवले होते.

आपल्या करारात मला सर्वांत आधी पाहायचे असेल ते मंदीचे कलम. स्टुटगार्ट हे बाडेन-वुर्टेम्बर्गचे मुख्य शहर, मोटारींचे. मोटारउद्योग आज अडचणीत आहे. उत्तरेकडच्या लोअर सॅक्सनीतल्या फोक्सवागेनने डिसेंबर २०२४ मध्येच २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचे कामगार संघटनेशी ठरवले. म्हणजे कारखान्याचा हिशेब ‘थांबा’ म्हणतो आहे आणि पेन्शनचा हिशेब ‘या’ म्हणतो आहे, जसे १९७३ मध्ये झाले होते. तेव्हा नांदेडच्या किंवा साताऱ्याच्या मुलाची नोकरी दुसऱ्या वर्षी गेली तर दुसरी शोधायला त्याला किती महिने मिळतील? तोवर भरलेल्या हप्त्यांवर त्याचा हक्क कसा राहील आणि तो त्याला त्याच्या भाषेत कोण सांगेल? तीन वर्षांच्या उमेदवारीच्या काळात, तुटपुंज्या विद्यावेतनावर, लग्न झालेल्याला बायको नेता येईल का? त्याचे आयटीआयचे प्रमाणपत्र तिथे मान्य व्हायला किती दिवस लागतील, आणि तोवर त्याला मदतनिसाच्या पगारावर ठेवायला बंदी असेल का? २०३१ जवळ येत चालले आहे तशी त्यांची निकड वाढत जाणार आहे, आणि अटी घालण्याची ताकद आपल्या बाजूला इतकी क्वचितच आली असेल. ती वापरायची असेल तर पहिली तुकडी विमानात बसण्याआधी या प्रश्नांची उत्तरे मराठीत, लेखी, प्रत्येक उमेदवाराच्या हातात असायला हवीत.